चालकाची सवय

गणपतराव मगदूम यांनी तीस वर्षे तंत्रनिकेतनात गिअरबॉक्स शिकवला. फळ्यावर दात मोजून चक्रे काढली, अर्धा कापलेला एक जुना गिअरबॉक्स टेबलावर ठेवून त्याची मूठ फिरवली, आणि 'गिअर म्हणजे वेग आणि बळ यांच्यातला व्यवहार' हे वाक्य दर वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, त्याच जागी, त्याच सुरात उच्चारले. अशा माणसाच्या दारातल्या स्वतःच्या गाडीचा गिअर नीट पडू नये, हे एखाद्या नामांकित वस्तादाने तालमीच्या पायरीवरून घसरण्यासारखे होते. पडल्याचे दुःख फारसे नसते, बघणाऱ्यांचे असते.

गाडी घेण्यामागे गुडघा होता. डाव्या गुडघ्याने चैत्रात क्लच दाबायचे नाकारले आणि डॉक्टरांनी त्या नकाराला लेखी पाठिंबा दिला. मुलगा विश्वजित पुण्याहून फोनवर म्हणाला, ड्रायव्हर ठेवा. गणपतरावांचा ड्रायव्हर या माणसावर राग नव्हता. राग होता तो स्वतःच्या गाडीत डाव्या बाजूला बसण्यावर. डाव्या बाजूला बसलेला माणूस आधी खिडकीबाहेर बघू लागतो, मग रस्त्यावरचे फलक मोठ्याने वाचू लागतो, आणि पुढे पुढे घरातही त्याला कुणी काही विचारीनासे होते, असे त्यांचे अनेक निवृत्त सहकाऱ्यांवरून केलेले निरीक्षण होते. म्हणून त्यांनी क्लचच नसलेली, आपले गिअर आपणच बदलणारी पिकअप घेतली. विश्वजितने एक अट घातली. दिवाळीला मी येईन, गाडी स्वतः चालवून बघीन, कुरकुर असली तर गाडी विकायची आणि ड्रायव्हरसकट दुसरी घ्यायची. गणपतरावांनी ही अट निकालाची खात्री असलेल्या विद्यार्थ्यासारखी मान्य केली.

साधी मोटार सोडून पिकअपच का, याचे उत्तर घरामागच्या गोठ्यात उभे होते. सूनबाईंच्या बाळंतपणासाठी गणपतरावांची पत्नी पुण्याला गेली होती, आणि भावाचे खाण्यापिण्याचे हाल होऊ नयेत म्हणून कागलकडच्या गावाहून त्यांच्या थोरल्या बहीण आक्काताई कोल्हापूरलगतच्या कळंब्याला त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या एकट्या आल्या नाहीत. मोना नावाच्या म्हशीसकट आल्या. मोनासाठी वैरण लागे, पेंडीची पोती लागत, आणि गुरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितल्याप्रमाणे तिला रोज तासभर चालणेही लागे, कारण ती बसून बसून स्थूल झाली होती. आक्काताईंना तेवढे चालवत नव्हते. गणपतरावांना तर मुळीच नव्हते. तेव्हा पिकअपच्या मागच्या हौद्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची दोरीने बांधली गेली. रोज सकाळी आक्काताई तिच्यावर मागे तोंड करून बसत, पायाशी सरकी पेंडीची बादली ठेवत, आणि गणपतराव पुढे बसून गाडी म्हशीच्या चालीने नेत. कळंबा जेलच्या मागच्या रस्त्याने ही मिरवणूक सूर्याबरोबर निघे.

या चालण्यामागे आक्काताईंचा एक दूरचा बेतही होता. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी शिंगे रंगवून, मोरपिसे आणि कवड्यांच्या माळा लावून मालकाच्या मोटारसायकलीमागे पळतात. यजमान हयात असताना आक्काताईंची म्हैस त्यांच्या फटफटीमागे भर रस्त्यातून जायची आणि माणसे वळून बघायची. तसे एकदा मोनाने जावे, एवढेच त्यांना हवे होते. "मालकांची फटफटी न्हाय ऱ्हायली, पर तुझी गाडी हाय की," त्या म्हणाल्या होत्या. "तिच्या फुडं पळू नगंस, गणपा. तिच्यासंगं चाल."

पहिले काही आठवडे गणपतराव अचंब्यात वावरत होते. गिअर कधी बदलला हेच कळत नसे. ज्या खडखडाटाचे कारण त्यांनी तीस तुकड्यांना समजावून दिले होते, तो खडखडाटच नव्हता. चढाला लागले की आतले कुणीतरी सुज्ञ माणूस काही न बोलता खालचा गिअर घेई, आणि चढ संपला की तितक्याच मुकाट्याने सोडून देई. एकदा रंकाळ्यापाशी त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, आणि बॉनेटवर नुसता तळहात ठेवून उभे राहिले. शेजारच्या भेळवाल्याने गाडी गरम झाली का म्हणून विचारले. नाही, असे ते म्हणाले. याहून जास्त काही सांगता येण्याजोगे नव्हते.

बिघाड उमटला तो ऐन गणपतीत, सायबर चौकाच्या सिग्नलला. हिरवा दिवा लागला. गणपतरावांनी पाय दाबला. गाडी हातभर सुटली, थबकली, काही क्षण जणू विचार करत राहिली, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का देऊन निघाली. मागच्या रिक्षावाल्याने बाजूने जाताना डोके बाहेर काढून विचारले, "पावणं, गाडीला मुहूर्त लागतोय व्हय?" त्यानंतर हे रोजचेच झाले. सिग्नलला तेच, बाजारात तेच, आणि कागलच्या बाजूला महामार्गावर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना तर गाडी इतकी रेंगाळे की मागचे उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत. उसाच्या ट्रॅक्टरने आपल्याला घाई करावी, याहून मोठा अपमान गणपतरावांच्या कल्पनेत बसत नव्हता.

कॉलनीत बातमी पसरायला दोन दिवस लागले. सणाचे दिवस नसते तर एकच पुरला असता. कुणी सांगितले, पेट्रोल पंप बदला. गाडी डिझेलची आहे हे कळल्यावर त्याच गृहस्थांनी तोच सल्ला तितक्याच ठामपणे पुन्हा दिला. कुणी लिंबू उलटे बांधले गेल्याची शंका काढली. परंतु खरे निदान केले ते पलीकडच्या पिराजी पाटलांनी. पिराजींनी बत्तीस वर्षे एस.टी. चालवली होती आणि क्लच नसलेल्या वाहनाला ते तत्त्वतः वाहन मानत नव्हते. त्यांच्या मते चूक गाडीची नव्हती, पायाची होती. आयुष्यभर क्लच दाबलेला डावा पाय सवयीने पुढे जातो, क्लच नाही म्हणून ब्रेकवर पडतो, आणि गाडी अडते.

गणपतरावांनी हे अशास्त्रीय असल्याचे सांगितले. पिराजी म्हणाले, मग प्रयोग करू. प्रयोग या शब्दाला नाही म्हणण्याची गणपतरावांची प्रवृत्ती नव्हती, आणि हीच पुढच्या अनर्थाची सुरुवात ठरली. पिराजींनी एक पंचा आणून सरांचा डावा पाय सीटच्या खालच्या दांडीला पक्का बांधला. गाडीने कॉलनीला तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही फेऱ्यांत ती हातभर सुटली, थबकली आणि धक्का देऊन निघाली; म्हणजे पाय निर्दोष असल्याचे शंभर टक्के सिद्ध झाले. दुर्दैवाने सिद्धतेला साक्षीदार एकटे पिराजी होते, आणि बांधलेल्या पायाला साक्षीदार सगळी कॉलनी. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ही वार्ता पोचली ती अशी, की मगदूम सरांना हल्ली पाय बांधून गाडी चालवावी लागते.

दुसऱ्या दिवशी ते सर्व्हिस सेंटरला गेले. तिथला सल्लागार राजवर्धन हा त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. ते आधी ओळखण्याच्या आनंदात होते. मग त्यांना आठवले की या मुलाला आपण दोनदा नापास केले होते, आणि दोन्ही वेळा गिअरबॉक्सच्याच प्रश्नावर. राजवर्धन मात्र अत्यंत आदराने वागला. इतक्या आदराने, की गणपतरावांना भीती वाटू लागली. त्याने एक फॉर्म पुढे केला. त्यात 'वापराचा प्रकार' असे लिहून तीन चौकोन होते: शहर, महामार्ग, डोंगराळ. गणपतरावांचे पेन क्षणभर थांबले. रोज सकाळचा तो तास या तिन्हींत कुठे बसतो, असा एक पुसट प्रश्न त्यांना पडला. पण चौथा चौकोन नव्हता, शेजारच्या खुर्च्यांवर चांगल्या कपड्यांतली माणसे बसली होती, आणि गिअरशी काही संबंध नसताना प्राध्यापकाने म्हशीपुढे गाडी हाकतो असे इथे लिहून देण्याची गरजच काय होती? त्यांनी 'शहर' वर खूण केली. कळंबा आता शहरातच धरतात, असे त्यांनी स्वतःला बजावले.

राजवर्धन गाडी घेऊन चौकापर्यंत जाऊन आला आणि विनयाने म्हणाला, की थोडेसे जाणवते, पण दोष म्हणावा असे काही नाही. मग त्याने जॉबकार्डावर लिहिले: 'वाहन व्यवस्थित. चालकाची सवय.'

हे दोन वाक्यांचे प्रमाणपत्र गणपतरावांनी घरी आणून तीन वेळा वाचले. त्यांना जे लागले ते पहिल्या वाक्यातले असत्य नव्हे, दुसऱ्यातले सौजन्य होते. दिवाळीला विश्वजित येणार, हा कागद वाचणार, आणि डाव्या बाजूचे दार आपल्यासाठी उघडून धरणार, हे दृश्य त्यांना स्पष्ट दिसू लागले. त्यांनी रात्रीचे जेवण लवकर आटोपून कंपनीला पत्र लिहिले. पत्र तीन पानांचे होते, समास सोडलेले, आणि आकृती क्रमांक एक ते चार जोडलेले. आठव्या दिवशी मोबाइलवर इंग्रजीत संदेश आला, की आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली असून आपण किती समाधानी आहात ते ताऱ्यांत कळवावे. त्यांनी एक तारा दिला. लगेच फोन आला. पलीकडच्या मुलीने एकच तारा का, असे हिंदीत विचारले, आणि गणपतरावांनी आकृती क्रमांक दोन तोंडी समजावून द्यायला सुरुवात केल्यावर तिने पंचवीस मिनिटे ऐकून घेतले. ही मुलगी त्यांच्या वर्गात असती तर पहिली आली असती. तिने तक्रार पुन्हा उघडली. दोन दिवसांनी ती पुन्हा यशस्वीरीत्या बंद झाली.

शेवटी राजवर्धननेच मार्ग काढला. दोनदा नापास झालेल्या त्या मुलाने साहेबांच्या मागे लागून पुण्याच्या कार्यालयातल्या गिअरबॉक्सच्या तज्ज्ञांना बोलावून घेतले. आधी आठ दिवस गाडीत काडेपेटीएवढे एक नोंदयंत्र बसवले गेले. गाडी केव्हा निघाली, किती वेगाने गेली, कुठे थांबली, सगळे ते टिपून घेणार होते. गणपतरावांनी ते आठ दिवस काटेकोर सचोटीने गाडी चालवली. सकाळचा तासही चुकवला नाही, कारण आक्काताईंनी तो चुकवू दिला नसता.

तज्ज्ञ आली, ती तिशीची एक मुलगी. तिने आधी वाकून नमस्कार केला आणि मग नाव सांगितले: प्रियदर्शनी, हातकणंगल्याची, सरांच्याच एका तुकडीतली. गणपतरावांना तिसऱ्या बाकावरचा एक उंचावलेला हात आठवला. या मुलीने एकदा भर तासात विचारले होते, की सर, गिअरबॉक्सला कळतं का, त्याला कोण चालवतंय? आणि त्यांनी खडू न ठेवताच उत्तर दिले होते, की हे अभ्यासक्रमात नाही.

आक्काताईही त्या दिवशी आल्या होत्या. पुण्याहून गाडीची डॉक्टरीण येणार हे ऐकल्यावर त्यांना घरी ठेवणे कुणालाच शक्य नव्हते. त्या वातानुकूलित खोलीत पदर खांद्यावर आवळून बसल्या, आणि आजूबाजूला चहा पिणाऱ्या गिऱ्हाइकांकडे न बुजता बघत राहिल्या.

प्रियदर्शनीने लॅपटॉप सरांकडे वळवला. पडद्यावर एक निळी रेघ डोंगरदऱ्यांसारखी वरखाली होत गेली होती. हे दुपारचे, बाजार, ती म्हणाली. हा कागलचा रस्ता. चालवणे अगदी स्वच्छ आहे. इथे ब्रेकवर नको तेव्हा पाय पडल्याची एकही नोंद नाही. हे ती पुरेशा मोठ्याने म्हणाली, आणि राजवर्धनने आपल्या पेनाचे टोपण फार लक्षपूर्वक लावले. आठ आठवड्यांत पहिल्यांदा गणपतरावांचा पाठीचा कणा खुर्चीला टेकला.

"पण हे मला समजलं नाही," असे म्हणून तिने रेघ बाजूला सरकवली. दर दिवशी सकाळी सव्वासहा ते सव्वासात, ती रेघ जवळपास जमिनीला टेकून चालली होती. ताशी चार किलोमीटर. तीन जागी मोठा थांबा, आणि रोज त्याच तीन जागी. तिने आवाज थोडा खाली आणला.

"सर, तुम्ही रोज सकाळी कुणाबरोबर चालत असता?"

गणपतराव पडद्याकडे बघत राहिले. पहिला थांबा म्हणजे ते लिंबाचे झाड, जिथे मोना पाठ घासते. दुसरा म्हणजे जेलची मागची भिंत. तिथे ती कान टवकारून उभी राहते, का ते कुणालाच माहीत नाही. तिसरा पिराजींच्या बांधावरचा, जिथे हिरवे असते. रेघेतल्या बारीक बारीक लाटा त्यांना ओळखू येऊ लागल्या. ते मोनाचे पाऊल होते. लोखंड, तेल आणि तारा यांच्या आत कुठेतरी एका म्हशीचे चालणे जसेच्या तसे उमटलेले होते, आणि तीस वर्षे लोखंडाबद्दल बोललेल्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

"म्हैस," ते म्हणाले.

खोलीतले चहाचे कप थांबले. आपण ऐकले ते बरोबरच ना, अशा नजरेने राजवर्धनने पाहिले. तेव्हा कोपऱ्यातून आक्काताई शांतपणे म्हणाल्या, "मोना नाव हाय तिचं."

मग सगळे सांगावे लागले. खुर्ची, बादली, जेलचा रस्ता, पाडवा. प्रियदर्शनी हसली नाही. तिने समजावून सांगितले, की हा गिअरबॉक्स रोजच्या चालवण्यावरून शिकत असतो. पाय किती दाबता, किती वेळाने, कुठे थांबता, हे बघून तो आपला गिअर बदलण्याचा रिवाज ठरवतो. घाई करणाऱ्याकडे तो घाई शिकतो. तुमच्याकडे तो तीन महिने रोज तासभर हेच शिकला.

"म्हंजे गाडी शिकत्या व्हय, पोरी?" आक्काताईंनी विचारले.

"शिकते, आजी. रोज जे कराल ते तिला खरं वाटतं."

"मग तिचं काय चुकलं? म्हशीफुडं चालायचं तर असंच चालाय पायजे की."

प्रियदर्शनीने रेघेचा एक तुकडा मोठा केला. "सर, ही एकच गोष्ट मला उलगडली नाही. दर वेळी निघताना हा छोटा खड्डा आहे. गाडी हातभर सुटते, थांबते, एकदोन सेकंद जातात, मग निघते. एका सकाळी साठसत्तर वेळा. सिग्नलला ती जे करतेय ना, ते हेच. तुम्ही असं का करता?"

"मी असं करतो?" गणपतरावांनी विचारले. त्यांना खरोखर ठाऊक नव्हते.

उपाय सोपा होता. शिकलेले पुसायचे, गाडी कोरी करायची, आणि पुढचे पन्नास किलोमीटर नीट चालवून तिला नवे वळण लावायचे. सकाळच्या फेरीला गिअरची मूठ बाजूला सरकवून हाताने पहिला गिअर धरून ठेवायचा. म्हणजे त्या तासाची शिकवणी गाडी घेणार नाही. प्रियदर्शनीने लॅपटॉपवरची एक कळ दाबली. चाळीस सेकंद लागले. तास संपल्यावर कुणी दुसऱ्याने येऊन फळा पुसावा तसे गणपतरावांना वाटले. निघताना ते तिला म्हणाले, "तू वर्गात विचारलं होतंस. त्याचं उत्तर 'होय' असं होतं."

"अभ्यासक्रमात अजून नाही, सर," ती म्हणाली, आणि मग मात्र हसली.

राजवर्धनने जॉबकार्ड भरताना पेन हातात धरून बराच विचार केला. शेवटी लिहायला दुसरे काही सापडेना म्हणून त्याने पुन्हा तेच लिहिले: 'वाहन व्यवस्थित. चालकाची सवय.' या वेळी गणपतरावांनी खाली सही केली, कारण आता ते खरे होते.

खरे बोलण्याची ही हौस त्यांना तीनच दिवसांत नडली. विश्वजित दिवाळीला आला, गाडी कागलपर्यंत नेऊन आणली, आणि लोण्यातून सुरी जावी तसे गिअर पडत गेले. परत आल्यावर त्याने गाडीच्या कागदांच्या डब्यातली दोन्ही जॉबकार्डे वाचली आणि वडिलांना विचारले, मग चूक नेमकी कशाची होती? गणपतराव म्हणाले, सवयीची. माझ्याच. ते पुढे गिअरबॉक्सच्या स्मरणशक्तीबद्दल बोलू लागले होते, पण तेवढ्यात कुंपणापलीकडून पिराजींनी सद्हेतूने भर घातली, की सरांची काही चूक नव्हती, पाय बांधून चालवून बघितले तरी तसेच होत होते.

"पाय बांधून?" विश्वजित म्हणाला.

त्याने आवाज चढवला नाही. वडिलांच्या बाबतीत तो हळवा होता, आणि तेच अवघड होते. गाडी उत्तम आहे, तो म्हणाला, ती विकायची नाही. पण पप्पा, आता ड्रायव्हर ठेवूया. तोवर चार दिवस मीच चालवतो. गणपतरावांनी बचावाचे तीन मुद्दे मनात मांडले. तिन्हींमध्ये म्हैस येत होती. त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली.

पाडव्याच्या सकाळी मोनाची शिंगे केशरी आणि हिरवी रंगली होती, गळ्यात कवड्या होत्या, आणि पाठीवर आक्काताईंनी चुन्याची नक्षी काढली होती. कळंब्याच्या रस्त्यावर दहाबारा म्हशी रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यापुढे फोडलेल्या सायलेन्सरच्या मोटारसायकली कान फोडत होत्या, आणि आवाज ऐकताच एकेक म्हैस मान ताणून आपल्या मालकामागे सुसाट जात होती. माणसे दुतर्फा उभी होती. पुढे देवळापर्यंत जायचे होते. हौद्यातल्या खुर्चीवर आक्काताई नवे लुगडे नेसून मागे तोंड करून बसल्या. उजवीकडे विश्वजित बसला. गणपतराव डावीकडे बसले, आणि थोड्याच वेळात 'अमृततुल्य चहा, नाष्टा मिळेल' असे शब्द आपल्याच तोंडून मोठ्याने बाहेर पडल्याचे त्यांच्या लक्षात आले.

मोनाची पाळी आली. विश्वजितने गाडी सुरू केली आणि काढली. सफाईदार, एकसंध, पुण्याच्या वाहतुकीत घडलेल्या हाताने. गाडी वीस फूट पुढे गेली. मोना होती तिथेच उभी राहिली.

त्याने गाडी मागे घेतली आणि पुन्हा काढली. मोनाने शेपटी हलवली, पाय नाही. हॉर्न वाजवून झाला. पिराजींनी गर्दीतून पेंड दाखवण्याचा सल्ला दिला, आक्काताईंनी बादली उचलून धरली, मोनाने तिच्याकडे ढुंकूनही बघितले नाही. मागे म्हशी तुंबल्या. कुणीतरी ओरडले, "पावणं, म्हस विकाय आनलीया का पुजाय?" गर्दी हसली. आक्काताईंनी मान वर केली नाही. लुगड्याचा काठ त्यांनी मुठीत धरला होता, आणि तो मुठीत बारीक बारीक चुरगळत होता.

"विश्वा," त्या शेवटी म्हणाल्या, "उतर तू. तिला तुझी वळख न्हाई."

"आत्या, गाडी तीच आहे की."

"गाडीची कोन वळख ठेवतंय? गणपा, तू बस."

बापलेकांनी गाडीच्या नाकापुढून एकमेकांना ओलांडून जागा बदलल्या. गणपतरावांनी मूठ बाजूला सरकवून पहिला गिअर धरला. ब्रेक सोडला. गाडी हातभर सुटली, आणि काही न ठरवता त्यांचा उजवा पाय परत ब्रेकवर गेला, नजर आरशात गेली. आरशात मोनाने मान उचलली. कान पुढे केले. मग उजवा पुढचा पाय सावकाश उचलला आणि टाकला. तो पाय जमिनीला टेकताच गणपतरावांनी गाडी काढली.

रेघेतला तो खड्डा हाच होता. तीन महिने, रोज साठसत्तर वेळा, ते एका म्हशीला 'येतेस का' असे विचारत होते आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबत होते. स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. पण गाडीने ते इमानाने शिकून घेतले होते आणि सायबर चौकातल्या रिकाम्या रस्त्यालाही तितक्याच अदबीने विचारत राहिली होती. गाडीकडून ते पुसता आले. मोनाकडे पुसायची कळ नव्हती.

मोना चालत निघाली. इतर म्हशी पळत गेल्या होत्या. ही पळाली नाही, तिला पळायला कुणी शिकवलेच नव्हते. ती रंगवलेली शिंगे तोलत, कवड्या वाजवत, पेंडीच्या बादलीपासून अडीच हातांवर, भर रस्त्याच्या मधोमध चालत राहिली. वाटेत तीनदा थांबली. तीनदा गाडीने विचारले आणि तीनदा तिने उत्तर दिले. हसणारी माणसे एकेक करत वळून बघू लागली. आक्काताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. म्हशीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या, बहुधा जुन्या फटफटीबद्दल.

गणपतरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे आरशात. ड्रायव्हरचा विषय विश्वजितने त्यानंतर काढला नाही. देऊळ अजून बरेच लांब होते, आणि ताशी चार किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत डाव्या बाजूला बसलेल्या माणसाला करण्यासारखे फारसे काही नसते. तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग, जेलचा कोपरा वळताना, तो हळूहळू रस्त्यावरचे फलक मोठ्याने वाचू लागला.